आब्लाआईचे सहा दिवे

सकाळचे अकरा वाजले की एन्योनामबाईंचं डोकं दुखायला लागायचं. घड्याळ बघायचीही गरज नव्हती. आधी उजव्या भुवईच्या वर ठणका, मग मान आखडायची, आणि बारा वाजेपर्यंत समोरच्या वहीतल्या ओळी एकमेकींत मिसळून जायच्या. बाईंना चोपन्नावं वर्ष चालू होतं. आपले डोळे गेले, आता संपलं सगळं, असं त्यांनी मनाशी धरून टाकलं होतं. लवकर निवृत्ती मागणारा अर्ज लिहून खणात तयार होता. फक्त तारीख घालायची बाकी होती.

आग्बेकोपे गावच्या वाचनालयात त्या एकोणीस वर्षं काम करत होत्या. एके काळी शाळा सुटली की इथे बसायला जागा मिळत नसे. आता हजेरीवहीत दिवसाला तीन-चार नावं पडत. त्यातला एक जण पंख्याखाली झोपायला येई, आणि एखादं नाव दवाखान्याचा रस्ता विचारायला आलेल्या परगावच्या माणसाचं असे. वही अगदीच रिकामी दिसू नये म्हणून बाई त्याच्याकडूनही सही करून घेत!

त्यात जिल्हा कचेरीचं पत्र येऊन पडलं होतं. महिनाअखेरपर्यंत रोज सरासरी वीस वाचक दिसले नाहीत, तर वाचनकक्ष बंद होईल आणि ती जागा लग्नाच्या नि मयताच्या खुर्च्या ठेवायला देण्यात येईल. महिना संपायला सव्वीस दिवस उरले होते.

"लोकांना वाचायलाच नको," बाई कुणालाही सांगत. "मोबाइल हवा, गप्पा हव्यात. पुस्तक उघडलं की यांना जांभई येते."

आपणही हेच म्हणतो, नाही का? मूल वाचत नाही, कारण ते आळशी. शेजारीण वाचत नाही, कारण तिला गोडी नाही. एकदा असं ठरवून टाकलं की पुढे काही बघायला नको, आणि बाई आता इतक्या दमल्या होत्या की त्यांना काही बघायचंच नव्हतं.

खरं तर ज्या खोलीत त्या बसत तिथे उजेडाला तोटा नव्हता. दोन वर्षांपूर्वी गावचे सुपुत्र प्रॉस्पर दोत्से यांनी आपल्या आईच्या, आब्लाआईच्या, स्मरणार्थ वाचनालयाला सहा मोठे पांढरे दिवे दिले होते. सोबत पांढऱ्या चकचकीत फळ्यांची नवी टेबलं आणि एक संगमरवरी पाटी. प्रॉस्परशेठचा राजधानीत, अक्रा शहरात, सिमेंटचा आणि नळांचा मोठा धंदा. समारंभाला गाव लोटलं होतं. आब्लाआईची तसबीर समोरच्या भिंतीवर लावली, तिच्याभोवती ते सहा दिवे बसवले, आणि फोटो चांगला यावा म्हणून सगळ्या खुर्च्या तसबिरीकडे तोंड करून मांडल्या. डाव्या बाजूच्या चारही खिडक्यांवर आभाराचा भलामोठा फलक ताणून बांधला. भाषणं झाली, भात-कोंबडी झाली, लोक घरी गेले. मांडणी मात्र तशीच राहिली.

ती हलवणार कोण? आमच्या भागात दिलेली वस्तू जागची हलवणं म्हणजे देणाऱ्याला 'तुझा हात थिटा पडला' असं सांगणं. त्यातून ते मेलेल्या आईच्या नावाचं दान! बाई रोज सकाळी दार उघडत, सहाही दिवे लावत, तसबिरीवरची धूळ पुसत आणि अकराची वाट बघत.

त्या मंगळवारी क्लुत्सेकाका नेहमीप्रमाणे आले. सत्तरीला टेकलेला हा विणकर, गावात पट्ट्यापट्ट्यांचं कापड विणणाऱ्यांत सगळ्यांत जुना हात. त्यांनी वर्तमानपत्र उचललं, वहीत सही केली आणि सरळ बाहेर व्हरांड्याकडे चालू लागले.

"काका!" बाई ओरडल्या. "कितीदा सांगायचं? पेपर बाहेर न्यायचा नाही. नियम आहे."

"नियम खोलीला आहे की डोळ्यांना?"

"आत बसायला काय होतं तुम्हाला? सहा दिवे आहेत. अख्ख्या जिल्ह्यात नाहीत असे."

"म्हणूनच बाहेर बसतो," काका म्हणाले. "ही खोली फोटो काढायला चांगली आहे, वाचायला नाही."

आधीच ठणकणारं डोकं, त्यात हे. बाईंचा पारा चढला. "नाचता येईना अंगण वाकडं! वाचायचं नसलं की दिवे वाईट, खुर्ची वाईट. सगळ्या गावाची हीच रड."

काकांनी पेपराची घडी केली आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. "बाई, कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं. नाचणाऱ्याला शिव्या देण्याआधी एकदा तुम्ही नाचून बघा त्यात."

"मी एकोणीस वर्षं इथेच आहे."

"आणि दोन वर्षांपासून डोकं धरून बसताय. आता बघा, आत्ताही तुमचा हात कुठे आहे?"

बाईंनी हात चटकन खाली घेतला. तो कपाळावर होता, भुवयांवर आडवा. शेतात उन्हात उभं राहून लांबचं बघताना धरतात तसा.

त्यांना एकदम सेफाकोर आठवली.

बाजाराच्या तोंडाशी केळ्याचे तिखट काप तळून विकणारी ती पोरगी. सहावीत शाळा सुटलेली, दोन लेकरं पदरात. मोठ्या हौसेने वाचनालयात यायला लागली होती. परीक्षा देऊन आरोग्य केंद्रात मदतनीस व्हायचं होतं तिला. पण दहा मिनिटं झाली की कपाळाला हात, डोळ्यांतून पाणी. मग खुर्ची दाराकडे ओढायची. बाई तिला परत रांगेत बसवत. "कपाळाला हात लावून बसायला इथे कुणी मेलंय का?" असं एकदा म्हणाल्या होत्या. आणि शेवटच्या दिवशी, चार लोकांसमोर, "पुस्तक उघडलं की तुझ्या डोळ्यांत पाणी. वाचन सगळ्यांच्या नशिबी नसतं बाई. तू आपली काप तळ."

सेफाकोरने पुस्तक मिटून जागेवर ठेवलं, खुर्ची रांगेत सारली आणि गेली. त्याला आठ महिने झाले होते.

"संध्याकाळी मागावर या," क्लुत्सेकाका म्हणाले. "चहा नाही मिळणार. पण एक गोष्ट दाखवतो."

बाईंना जायचं नव्हतं. घरी जाऊन डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडायचं होतं. पण ऊन कलताना पाय आपोआप तिकडे वळले.

विणकरांची शेड तीन बाजूंनी उघडी, वर झावळ्या. सहा माग ओळीने मांडलेले, आणि सगळेच तिरके. बाई याच गावात जन्मलेल्या, तरी ते तिरकेपण त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. काकांनी एक तिवई मावळतीच्या उन्हाकडे तोंड करून ठेवली, बाईंना बसवलं आणि काळ्या-तपकिरी धाग्यांचा ताणा पुढे ओढला.

"यात एक धागा तुटलाय. शोधा."

बाईंनी डोळे बारीक केले. ऊन थेट समोरून येत होतं. सगळे धागे एकच काळा पट्टा झाले होते. डोळ्यांना पाणी आलं.

"नाही दिसत. सांगितलं ना, डोळे गेलेत माझे."

काकांनी तिवई आणि ताणा दोन्ही फिरवले. ऊन आता बाईंच्या डाव्या खांद्याच्या बाजूने धाग्यांवर पडलं. काळा वेगळा झाला, तपकिरी वेगळा झाला. चौथ्या तपकिरी धाग्याचं टोक सुटून लोंबत होतं. बाईंनी बोट ठेवलं.

"तोच धागा," काका म्हणाले, "तेच डोळे, तीच बाई."

बाईंनी त्या लोंबत्या टोकावरून पुन्हा बोट फिरवलं.

"उजेड कामावर पडायला हवा, डोळ्यांत नाही," काका सांगू लागले. "समोरून आला की डोळा बिचारा स्वतःला वाचवायला बारीक होतो, मग हातातलं काम अंधारात जातं. पाठीमागून आला की आपलीच सावली कामावर पडते. बाजूने आला पाहिजे. आणि काम ठेवायची जागा चकचकीत नको, नाहीतर तीच दुसरा दिवा होऊन खालून टोचते. तुमच्या त्या पांढऱ्या टेबलात सहाच्या सहा दिवे उलटे दिसतात. मी मोजलेत. वरून सहा, खालून सहा. बारा दिव्यांशी भांडत माणूस पुस्तक वाचणार कसं?"

"उजेड जास्त असला तर बरंच, असं वाटायचं मला."

"मीठ जास्त असलं तर बरं का? माझ्या आजोबांनी एका विणकराला आळशी म्हणून हाकललं होतं. सारखा उठायचा, डोळे चोळायचा, नक्षी चुकवायचा. तीन महिन्यांनी आजोबा स्वतः त्याच्या मागावर बसले. समोरच्या घरावर नवा पत्रा पडला होता, त्याची चमक सरळ डोळ्यांत! तेव्हापासून या शेडमध्ये नियम आहे. चूक झाली की आधी विणणाऱ्याच्या जागेवर आपण बसायचं, मग बोलायचं. आणि तेव्हापासूनच माग तिरके आहेत."

"मग तो माणूस परत आला का?"

"नाही. किनाऱ्याला मासे धरायला गेला. आपल्याला विणता येत नाही, हे त्याला पटलं होतं. आजोबा दोनदा बोलवायला गेले. नाही आला."

परतताना बाई बाजारावरून गेल्या. सेफाकोर कढईसमोर वाकून काप उलटत होती. बाईंना थांबायचं होतं. पण मान खाली घालून त्या पुढे निघून गेल्या. स्वतःची इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाई आणि क्लुत्सेकाका रीतीप्रमाणे भेटीची दारूची बाटली घेऊन, दिवे वळवायची परवानगी मागायला गावप्रमुखांकडे गेले. त्यांना सगळे तोग्बे म्हणतात. तोग्बे परक्याशी काय नि गावकऱ्याशी काय, थेट बोलत नाहीत. शेजारी सोन्याच्या मुठीची काठी घेऊन त्यांचा काठीवाला बसतो. आपण त्याला सांगायचं, त्याने तोग्बेंना सांगायचं, आणि उत्तर त्याच वाटेने परत. समोरासमोर बसून!

"तोग्बे विचारतात," काठीवाला म्हणाला, "आईच्या नावाचा दिवा विझवायचा म्हणता?"

"विझवायचा नाही, वळवायचा," क्लुत्सेकाका म्हणाले. "तोग्बेंना विचारा, दिलेलं कापड आपण घडीतच ठेवतो, की अंगाप्रमाणे नेसतो? नेसलं म्हणजे देणाऱ्याचा अपमान होतो का?"

प्रश्न काठीवाल्याकडून तोग्बेंकडे गेला. मग उत्तर आलं. "शनिवारी आब्लाआईचा स्मरणदिन आहे. दान देणारा येतोय. तो म्हणेल ते."

तीन रात्री बाईंना नीट झोप लागली नाही. प्रॉस्परशेठ चिडले तर? दिवेच काढून नेले तर? जिल्हा कचेरीला तेवढंच निमित्त पुरे होतं. पण खणातल्या अर्जावर तारीख घालायलाही त्यांचा हात उचलेना.

शनिवारी गाव काळ्यापांढऱ्या कापडात जमलं. प्रॉस्परशेठ गाडीतून उतरले, तसबिरीला हार घातला आणि खिशातून आईवरचा लेख काढला. दर स्मरणदिनाला तो लेख मुलानेच वाचायचा. ते नेहमीप्रमाणे व्यासपीठावर उभे राहायला निघाले, तोच क्लुत्सेकाका पुढे झाले.

"शेठ, या वर्षी आईच्या नावाने दिलेल्या जागेवर बसून वाचा की. वाचक बसतो तिथे."

शेठना कल्पना आवडली. ते पहिल्या रांगेत बसले, कागद टेबलावर पसरला आणि वाचू लागले. "माझी आई आब्ला... हिने चार मुलांना..." ते थांबले. डोळे मिचकावले. कागद उचलला, परत ठेवला. "चार मुलांना एकटीने..." हात कपाळाकडे गेला. भुवयांवर आडवा. डोळ्यांतून पाणी आलं.

बायका हळहळल्या. "आईची आठवण आली हो."

कुणीतरी रुमाल पुढे केला. शेठनी डोळे पुसले, पुन्हा कागदात डोकं घातलं, पुन्हा ओळ चुकली. शेवटी ते वैतागून म्हणाले, "अहो, रडत नाहीये मी! हे दिवे टोचतायत! मीच लिहिलेलं मला वाचता येईना. इथे माणसं वाचतात तरी कशी?"

एन्योनामबाई उठल्या.

"वाचत नाहीत, शेठ," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं कुणी नीट वाचलं नाही. दिवे वाईट नाहीत. आपण ते डोळ्यांसमोर लावले, खिडक्या फलकाने झाकल्या आणि टेबलं आरशासारखी ठेवली. माणसं उठून जायची, आणि मी त्यांना आळशी म्हणायचे. एका पोरीला मी चारचौघांत म्हणाले, वाचन तुझ्या नशिबात नाही. तिच्या नशिबात होतं. आड मी आले."

शेठचा चेहरा उतरला. "आईच्या नावाने दिलं होतं मी," ते हळूच म्हणाले. "सगळ्यांत चांगलं तेच दिलं होतं."

आणि तेव्हा तोग्बे बोलले. काठीवाल्याला नाही, सरळ शेठना! काठीवाला गडबडून अर्धा उभाच राहिला.

"प्रॉस्पर, तुझी आई चवळी कुठे बसून निवडायची रे?"

शेठनी वर बघितलं. "दारात. कायम दारात. चौकटीला टेकून, उजेड एका बाजूने घेऊन."

"आणि आत बोलावलं तर?"

"म्हणायची, आत दिवा आहे पण खडे दिसत नाहीत." शेठ बोलता बोलता थांबले. आता डोळ्यांत आलं ते मात्र खरं पाणी होतं. "तिला अक्षर येत नव्हतं, तोग्बे. पण उजेड कुठून यावा ते माझ्यापेक्षा बरं कळत होतं."

पहिली खुर्ची शेठनीच उचलली. लेख तसाच राहिला आणि काळ्यापांढऱ्या कपड्यांतली माणसं टेबलं ओढू लागली. फलक उतरला तशी दोन वर्षांची धूळ सगळ्यांच्या डोक्यावर पडली आणि शिंकांचा नुसता गोंधळ झाला. टेबलं खिडक्यांजवळ सरकली, उजेड वाचणाऱ्याच्या डाव्या हाताने यायला लागला. पुढच्या आठवड्यात दिव्यांची तोंडं छताकडे वळवली, म्हणजे पांढऱ्या छतावरून मऊ होऊन उजेड खाली यावा. दिवसा दोनच लावायचे, ढग आले तर सगळे. क्लुत्सेकाकांच्या शेडमधून गडद निळ्या कापडाचे पट्टे आले, ते चकचकीत टेबलांवर अंथरले. तसबीर जिथल्या तिथे राहिली. आता तिच्याकडे डोळे न मिटता बघता येत होतं.

बाईंचं अकराचं दुखणं आठ दिवसांत निम्म्यावर आलं. उरलेल्या निम्म्यासाठी त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या आणि चष्मा घेऊन आल्या. वय तर झालंच होतं, ते काही दिव्याच्या माथी मारता येत नव्हतं.

सेफाकोरकडे जायला मात्र त्यांना त्याहून जास्त दिवस लागले. कढईतलं तेल कडकडत होतं. "मी चुकले," बाई म्हणाल्या. "दोष तुझा नव्हता. खोलीचा होता, आणि माझा."

सेफाकोरने वर बघितलं नाही. "मॅडम, मला काप तळायचेत. तुम्हीच सांगितलं होतं."

बाईंनी कापांची एक पुडी घेतली आणि निघाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या, तिसऱ्या दिवशीही. त्या विणकराकडे क्लुत्सेकाकांचे आजोबा दोनदा गेले होते. बाईंनी ठरवलं होतं की आपण त्यापेक्षा जास्त वेळा जायचं.

महिनाअखेरीला हजेरीची सरासरी भरली चौदा. वीस नाही. पण शेवटच्या आठवड्यात रोज बाविसाच्या वर सह्या होत्या, आणि कचेरीचा साहेब स्वतः येऊन एका खुर्चीत अर्धा तास वाचत बसला. जाताना म्हणाला, "आणखी तीन महिने बघू." इथे खुर्च्या ठेवायचा बेत रद्द झाला, असं काही तो म्हणाला नाही. तीन महिने तर तीन महिने. बाईंनी खणातला अर्ज काढून फाडला.

वाचकहो, आपल्याही घरात, शाळेत, कचेरीत असा एखादा दिवा असतो. तो थाटासाठी लावलेला असतो आणि कुणाच्या तरी डोळ्यांत खुपत असतो. पाहुण्यांच्या खोलीत झगमगाट, आणि मूल अभ्यासाला बसतं ते स्वतःच्याच सावलीत. मग आपण म्हणतो, याला अभ्यासाची गोडी नाही! कुणाला आळशी, मंद, बिनगोडीचा ठरवण्याआधी उठून त्याच्या जागेवर बसावं. पाच मिनिटं त्याच पानाकडे बघावं. एवढं केलं तरी कित्येक माणसं आपल्या हातून वाया जायची वाचतील.

सेफाकोर आली ती साहेबाची मुदत सरल्यावर, चौथ्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी. हाताला तेलाचा वास होता. वहीत सही केली, खिडकीजवळची खुर्ची धरली आणि ओठ हलवत वाचायला लागली. बाईंचं लक्ष घड्याळाकडे होतं. दहा मिनिटं झाली. वीस झाली. पाऊण तास झाला आणि ती एकदम थांबली. बाई लगबगीने जवळ गेल्या.

"काय गं, थांबलीस का? डोकं दुखतंय?"

"नाही मॅडम," सेफाकोर म्हणाली. "तेव्हा राहिलेले धडे संपले. पुढचं पुस्तक कुठे आहे?"